बाटलीतला एडिबल ग्लू: पाकळी धरतो, फूल नाही

झाकणालाच ब्रश असलेली एडिबल ग्लूची, म्हणजे खाण्याजोग्या गोंदाची, छोटी बाटली केक सजवणाऱ्या बहुतेकांच्या सामानात असते. लेबल वाचलं तर त्यात पाणी, सीएमसी (आयएनएस ४६६, घट्टपणा आणणारी पावडर), थोडं आम्ल आणि प्रिझर्व्हेटिव्ह, एवढंच. यात ९५ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. हा ग्लू कुठे उत्तम चालतो आणि कुठे दगा देतो, ते या एका गोष्टीवर ठरतं.

फॉन्डंटवर (केक झाकायची साखरेची मऊ कणीक) फॉन्डंट किंवा गमपेस्टची (वाळून कडक होणारी साखरेची कणीक) ओली, मऊ पाकळी चिकटवायला याला तोड नाही. पाणी दोन्ही पृष्ठभागांवरची साखर किंचित विरघळवतं, सीएमसी त्याला चिकटपणा देतं आणि वाळल्यावर जोड दिसतसुद्धा नाही. लावून लगेच दाबायचं मात्र नाही. अर्धा ते एक मिनिट थांबा, बोट टेकवल्यावर ओलं न लागता चिकट लागलं की पाकळी बसवा. ओल्या ग्लूवर बसवलेली पाकळी केकच्या उभ्या बाजूवरून हळूहळू खाली सरकते आणि मागे चकचकीत ओघळ सोडते. मॅट फॉन्डंटवरचा तो डाग नंतर पुसून जात नाही, उलट पसरतो. पाकळीच्या मागे कॉर्नफ्लोअर राहिलं असेल तर आधी कोरड्या ब्रशने झटका, नाहीतर ग्लू पिठालाच चिकटतो.

पूर्ण वाळलेलं, कडक गमपेस्टचं गुलाब मात्र यावर टिकत नाही. फुलाचा तळ कधीच सपाट नसतो. तो केकला दोन-तीन ठिकाणीच टेकतो, बाकी पोकळी. ग्लूमधलं पाणी उडून गेल्यावर ती पोकळी भरायला काही उरतच नाही. 'जास्त लावा' हा सल्ला तर नुकसानीचाच: तळ मऊ पडतो आणि फूल स्वतःच्या वजनाने कलतं. इथे घट्ट रॉयल आयसिंग हवं. एका अंड्याच्या पांढऱ्या भागाला (साधारण ३० ग्रॅम) १५० ते १८० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर, टोक ताठ उभं राहीपर्यंत फेटायची. कच्चं अंडं नको असेल तर मिरिंग पावडर (अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्या भागाची पूड) वापरा. भांड्याला तुपातेलाचा अंशही नको, आयसिंग फुगतच नाही. वाटाण्याएवढा गोळा तळाला लावून फूल हलकेच फिरवत दाबा आणि उभ्या बाजूला असेल तर १५-२० मिनिटं खालून स्पंजचा टेकू द्या.

बटरक्रीमवर ही बाटली उघडूच नका. लोण्यावर पाणी काय धरणार? फ्रिजमधून काढलेल्या घट्ट केकवर ताज्या बटरक्रीमचा ठिपका घालून फूल बसवणं हाच सरळ मार्ग. वितळवलेलं कंपाउंड चॉकलेटही चालतं, पण ते कोमट होऊ द्या. गरम लावलंत तर खालचं क्रीम वितळून फुलासकट सुटतं. वेफर पेपरच्या (खाण्याजोगा पातळ कागद) फुलांना तर पाणी शत्रूच, ग्लू लागताच कागद आक्रसतो. पाकळीच्या मागच्या बाजूला वितळलेल्या कोको बटरचा पातळ हात द्या आणि तरीही सजावट वाढण्याच्या थोडंच आधी करा.

गडद लाल-जांभळ्या पेटल डस्टने (रंगाची कोरडी पूड) रंगवलेली फुलं असतील तर रंग ग्लूमध्ये उतरून पांढऱ्या फॉन्डंटवर पाझरतो. फुलं काही सेकंद वाफेवर धरून रंग पक्का करा, पूर्ण वाळू द्या, मगच हात लावा. तारेवरची फुलं असतील तर तार थेट केकमध्ये खुपसू नका. ती खाद्यपदार्थासाठी बनलेली नसते. फूड-ग्रेड पिक किंवा स्ट्रॉ आधी केकमध्ये रोवा, तार त्यात.

आता बाटलीबद्दल खरी तक्रार: ब्रश. बारीक पाकळीच्या देठाला तो फारच जाड, केस सोडतो, आणि दर वेळी बाटलीत परत जाताना साखर-पीठ आत नेतो. म्हणून ग्लू गढूळ होतो. लागेल तेवढा वाटीत काढा, शून्य नंबरचा वेगळा ब्रश वापरा.

सीएमसी किंवा टायलोज (सीएमसीचाच प्रकार) पावडर हाताशी असेल तर बाटली घ्यायची गरजही नाही. उकळून कोमट केलेल्या २ टेबलस्पून पाण्यावर पाव टीस्पून पावडर भुरभुरा, झाकण लावून हलवा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सुरुवातीला गुठळ्या दिसतील, त्या फोडत बसू नका, सकाळपर्यंत आपोआप विरघळून पारदर्शक जेल होतं. फार घट्ट झालं तर थेंब-थेंब पाणी. प्रिझर्व्हेटिव्ह नसल्याने आठवड्याभरात संपवा, आंबूस वास आला तर त्याआधीच टाका. टिकाऊपणात विकतची बाटली पुढे आहे, पकडीत दोन्ही सारखेच.