त्सोबेल यांच्या नावावर विकलेले फुलांचे चित्र

बुडापेस्टमध्ये राहणाऱ्या आणि जुनी चित्रे विकत घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहीत आहे, कारण मला फसवण्यासाठी वापरलेली युक्ती पुन्हा वापरली जाईल, अशी मला भीती वाटते. एका खासगी विक्रेत्याने निळ्या फुलदाणीतील तांबड्या-पांढऱ्या फुलांचे तैलचित्र हंगेरियन चित्रकार बेला त्सोबेल यांनी 1907 साली पॅरिसमध्ये काढलेले म्हणून मला विकले. ते त्यांचे नाही.

नाव आणि साल दोन्ही विचारपूर्वक निवडलेली होती. त्सोबेल (1883–1976) तरुणपणी पॅरिसमध्ये भडक, मुक्त रंग वापरणाऱ्या ‘फोव्ह’ चित्रकारांबरोबर प्रदर्शनांत सहभागी होत, आणि पुढे हंगेरीतील ‘आठ जणां’च्या आधुनिक गटात त्यांची गणना झाली. पहिल्या महायुद्धामुळे त्यांना पॅरिस सोडावे लागले आणि तिथे मागे राहिलेली त्यांची चित्रे हरवली. त्यामुळे हरवलेल्यांपैकी एक सापडले, असे कोणी म्हटले तर ते सहज पटते. त्याच गटातील रोबेर्ट बेरेनी यांचे अनेक दशके बेपत्ता असलेले चित्र 2009 मध्ये एका हॉलिवूड चित्रपटाच्या नेपथ्यात एका कला-इतिहासकाराच्या नजरेस पडले आणि 2014 मध्ये बुडापेस्टला त्याचा लिलाव झाला. ही खरी घटना विक्रेता प्रत्येक भेटीत सांगत असे, आणि तिच्या आधारावर आपली खोटी गोष्ट उभी करीत असे.

चित्रासोबत दिलेले प्रमाणपत्र जुने व अस्सल दिसत होते, आणि बहुधा ते अस्सलच असावे. फक्त ते दुसऱ्याच चित्राचे होते. त्यावर लिहिलेली लांबी-रुंदी चौकट काढल्यावर मोजलेल्या कॅनव्हासशी जुळली नाही, आणि चौकट काढू देण्यास विक्रेत्याने विक्रीपूर्वी सतत टाळाटाळ का केली, हे तेव्हा उघड झाले.

चित्रसंवर्धकाने केलेल्या तपासणीत फुलदाणीच्या निळ्या रंगात फ्थॅलोसायनिन हे रंगद्रव्य आढळले. ते 1930 च्या दशकाच्या मध्यानंतर बाजारात आले, म्हणजे 1907 हे साल तिथेच बाद झाले. विक्रेत्याचे उत्तर तयार होते: मग चित्र उत्तरायुष्यातले असेल, त्सोबेल 1976 पर्यंत हयात होते. हे उत्तर वरवर बिनतोड आहे, कारण रंगद्रव्याने साल खोटे ठरते, चित्रकार नव्हे. म्हणून सही तपासणे आवश्यक होते. सूक्ष्मदर्शकाखाली सहीचा रंग व्हार्निशच्या वर बसलेला आणि जुन्या भेगांमध्ये उतरलेला दिसला. शिवाय सौम्य द्रावकाने सही विरघळू लागली, तर खालचा रंग जरासुद्धा हलला नाही. इतका कोवळा रंग 1976 पूर्वी लावलेला असणे शक्य नाही. कुणा अनाम चित्रकाराच्या बऱ्यापैकी कामावर ही सही अलीकडेच केलेली होती, आणि त्या अनाम माणसाचाही हा अपमान आहे, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक खूण होती. हंगेरीतून 50 वर्षांपेक्षा जुने चित्र बाहेर नेण्यास सरकारी परवाना लागतो, तरीही विक्रेता ‘भारतात सामानातून घेऊन जा, कोणी विचारत नाही’ असा आग्रह धरत होता. परवान्यासाठी अर्ज झाला असता, तर चित्र तज्ज्ञांच्या डोळ्यांसमोर गेले असते.

विक्रेत्याने पैसे परत करण्यास नकार दिला असून मी पोलिसांकडे तक्रार नोंदवली आहे. चित्र आता पुरावा म्हणून जपून ठेवले आहे, परंतु ते प्रमाणपत्र शेवटच्या भेटीत त्याने ‘नक्कल काढून देतो’ असे सांगून परत नेले, आणि ते अद्याप त्याच्याचकडे आहे.