मिल्स की लाँग? प्रबंधासाठी एकच निवडायचा असेल तर

अमेरिकी करधोरणावर लिहायचं आणि माणूस एकच घ्यायचा, तर नजर आधी विल्बर मिल्सकडे जाते. आर्कान्सॉचे हे डेमोक्रॅट १९३९ ते १९७७ प्रतिनिधिगृहात होते, आणि १९५८ ते १९७४ ‘वेज अँड मीन्स’ समितीचे अध्यक्ष. कराचं विधेयक याच समितीतून निघायचं. मिल्सनी उपसमित्याच ठेवल्या नाहीत. सगळं काम आपल्यासमोर. विधेयक सभागृहात गेल्यावर दुरुस्ती सुचवायला सहसा मुभा नसे, घ्या नाहीतर सोडा. म्हणून मतांची बेरीज जमेपर्यंत ते विधेयक बाहेरच सोडत नसत. व्हिएतनाम युद्धाचा खर्च वाढला तेव्हा अध्यक्ष जॉन्सननी १९६७ मध्ये आयकरावर अधिभार मागितला. मिल्सनी त्यांना ताटकळत ठेवलं. आधी खर्चाला कात्री, मग १९६८ मध्ये १० टक्के अधिभार.

रसेल लाँग यांची तऱ्हा वेगळी. लुइझियानाचे, त्या राज्याचे एकेकाळचे गव्हर्नर ह्युई लाँग यांचे चिरंजीव; सिनेटमध्ये १९४८ ते १९८७, वित्त समितीचे अध्यक्ष १९६६ ते १९८१. सिनेटमध्ये दुरुस्त्यांना मोकळं रान, त्यामुळे चालत्या विधेयकाला आपलं कलम जोडून देण्यात त्यांचा हातखंडा. निक्सन यांची किमान उत्पन्नाची योजना त्यांना अजिबात पटली नव्हती. काम करणाऱ्यालाच पैसे मिळावेत, हा त्यांचा हट्ट. त्यातून १९७५ मध्ये कमी कमाईच्या, पदरी मुलं असलेल्या कुटुंबांसाठी करसवलत आली. जास्तीत जास्त ४०० डॉलर, आणि कर लागू नसला तरी रक्कम हातात. ती सवलत, बरीच वाढून, आजही चालू आहे. हेच गृहस्थ तेलकंपन्यांच्या सवलतींचेही पक्के राखणदार! ‘तुझ्यावर नको, माझ्यावर नको, त्या झाडामागच्या माणसावर कर लावा’ ही ओळ ते मजेत ऐकवत.

माझं मत लाँगच्या बाजूचं. मिल्सची ताकद समितीच्या नियमांत होती. ते पायउतार होताना नियमही बदलले. शिवाय त्यांची खरी घासाघीस बंद दाराआड चालायची, बाहेरून माग काढणं अवघड. लाँगचं कलम मात्र आजच्या विवरणपत्रावर बोट ठेवून दाखवता येतं. पण ‘एका माणसाच्या हाती इतकी सत्ता येते कशी’ हाच तुमचा प्रश्न असेल, तर मिल्सच घ्या.

घेतलेत, तर ऑक्टोबर १९७४ चं, वॉशिंग्टनमधल्या टायडल बेसिन या तळ्याकाठचं प्रकरण (रात्री दोनला पोलिसांनी गाडी अडवली, सोबतच्या नर्तिकेने पाण्यात उडी घेतली) एका परिच्छेदात उरका. पुढच्याच महिन्यात आर्कान्सॉच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं, त्यावर दोन पानं खर्च करा.