बेळगावात सुरकुत्यांसाठी बोटॉक्स घ्यावं की फिलर?
बेळगावच्या स्किन क्लिनिकांत दोन्ही मिळतं, पण कामं वेगळी. आठ्या घातल्यावरच रेषा दिसत असेल तर बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन. भुवयांमधल्या आठ्यांना साधारण २० युनिट (औषधाचं माप) लागतात, पूर्ण परिणाम दोन आठवड्यांत, टिकतो ३-४ महिने. कुपी समोर उघडायला लावा आणि भाव युनिटवर ठरवा. सलाईन जास्त मिसळलं की तेवढ्याच सुईत औषध कमी जातं.

नाकापासून ओठांपर्यंतच्या घडीला हायलुरोनिक फिलर, म्हणजे कातडीखाली भरायचं जेल, बरा. मात्र टोचल्यावर कातडी पांढरी पडून कळ आली तर रक्तवाहिनी तुंबल्याची शंका घ्या. हायलुरोनिडेज (हा फिलर विरघळवणारं औषध) हाताशी नसेल तिथे फिलर नकोच, पार्लरमध्ये तर मुळीच नको. म्हणूनच खानापूर-निपाणीकडून आलेल्यांनी फिलर घेऊन लगेच परतीची बस धरू नये.

उन्हातान्हात राबणाऱ्यांनी आधी सनस्क्रीन लावावं.