वहीत ठेवावं की छापायला द्यावं?

परवा भाचीने विचारलं, "मावशी, मला स्वतःबद्दल लिहायचंय. रोजनिशी लिहू की एखाद्या अंकाला लेख पाठवू?" माझ्याकडे माळ्यावरच्या ट्रंकेत चौदा वर्षांच्या वह्या आहेत आणि कपाटात छापून आलेले सहा लेख. दोन्हीकडचं पाणी प्यायलेय, म्हणून हे लिहितेय.

आधी पुरावा. बाबांना दवाखान्यातून घरी आणलं, त्या दिवशीची वहीतली नोंद: '११ फेब्रुवारी. बाबांना आणलं. रिक्षावाल्याने ६० रुपये जास्त मागितले, मी रस्त्यातच भांडले. बाबा म्हणाले, देऊन टाक गं. जिन्यात दोनदा टेकले. रात्री पिठलं.'

चार वर्षांनी याच दिवसावर दिवाळी अंकात लेख लिहिला. त्यात रिक्षावाला नाही, भांडण नाही, पिठलंही नाही. पाऊस मात्र आहे. पत्र्यावर वाजतोय, बाबांच्या चष्म्यावरून ओघळतोय. फेब्रुवारीत आमच्याकडे कुठला आलाय पाऊस! पण जे चार-पाच फोन आले ते त्या पावसासाठीच.

तर हिशेब असा: वहीत मी खरं लिहिते आणि गचाळ लिहिते. छापायला देते तेव्हा बरं लिहिते आणि थापा मारते. 'देऊन टाक गं' हे वाक्य अख्ख्या लेखापेक्षा मोलाचं होतं, हे मला छापून झाल्यावर कळलं. पण लेख लिहिलाच नसता, तर ती वही पुन्हा उघडली तरी असती का?

दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीचं उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखं आहे. १९४२ च्या जूनमध्ये वाढदिवसाला मिळालेल्या वहीत ती लिहीत होती. मार्च १९४४ मध्ये लंडनहून रेडिओवर एका डच मंत्र्याचं आवाहन ऐकलं, की युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवा. मे महिन्यात तिने सुट्या कागदांवर आपलीच डायरी नव्याने लिहायला घेतली. काही गाळलं, काही वाढवलं, माणसांना टोपणनावं ठरवली. वही तशीच्या तशी लोकांपुढे ठेवायची नसते, हे चौदा वर्षांच्या मुलीला उमगलं होतं. मला चाळिशीनंतर उमगलं.

वही गुप्त असते, हा आणखी एक भ्रम. सॅम्युएल पेप्स या इंग्रज अधिकाऱ्याने १६६० ते १६६९ ची डायरी लघुलिपीत लिहिली, पण तिचे खंड छान बांधून घेतले आणि आपल्या ग्रंथसंग्रहात ठेवले. शेवटी १८२५ मध्ये त्यातला निवडक भाग छापला गेलाच. माझ्या ट्रंकेला कुलूप आहे आणि किल्ली देवघरातल्या डबीत आहे, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आपला कॉपीराइटचा कायदासुद्धा मरणोत्तर छापल्या गेलेल्या लेखनाला प्रकाशनापासून ६० वर्षांचं संरक्षण देतो. म्हणजे माणूस गेल्यावर कुणीतरी वह्या उपसणार, हे त्यानेही धरूनच ठेवलंय.

पैशांचं थोडक्यात: वहीत खर्च नाही, विमा एजंट दर जानेवारीला डायरी देतो. लेखाला बऱ्याचदा मानधन म्हणून अंकाची प्रत मिळते. वहीला कसर लागते, लेखाला रद्दीवाला. बरोबरीच म्हणायची.

वेळेचं मात्र सांगायला हवं. संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. तिथून सुरू झालेल्या या प्रथेने मराठी लिहिणाऱ्याचं कॅलेंडर उलटं केलंय. कपडे वाळत नाहीत अशा दिवसांत बसून फराळाच्या आठवणी काढायच्या, कारण लेख ऑगस्टअखेर हवा असतो. ही घाई मला मानवते. मुदत नसेल तर मी एक परिच्छेद दहा वर्षं घोळवेन. वहीला मुदत नाही, म्हणून तिच्यात नुसतं 'आज कंटाळा' असं लिहिलेली पानंच्या पानं आहेत.

छापण्यात खरी किंमत मोजावी लागते ती माणसांत. आईवरच्या लेखात मी तिच्या फडताळाबद्दल लिहिलं होतं: वरच्या फळीवर लोणच्याच्या बरण्या, मागे दडवलेले घरखर्चातले पैसे. संपादकांनी 'फडताळ'चं 'कपाट' केलं. शब्द जुना वाटतो म्हणे. कपाटाला दार-कुलूप येतं, मग पैसे बरण्यांमागे कशाला लपवावे लागतील? मी हळहळले, गप्प बसले. ताई मात्र गप्प बसली नाही. "आईचे पैसे कुठे असायचे ते आपल्या दोघींनाच माहीत होतं," म्हणाली आणि महिनाभर फोन केला नाही. वहीने असं कधी कुणाला दुखावलं नव्हतं.

म्हणून भाचीला सांगितलं: घरातली माणसं हयात असतील आणि तुला त्यांच्याबद्दलच लिहायचं असेल, तर दोन-तीन वर्षं वहीच धर. त्यात भाव लिही, बिल लिही, कोण काय बोललं ते जसंच्या तसं लिही. पाऊस पडला असेल तरच पाऊस लिही. पण लिहिलेलं कुणी वाचावं म्हणून जीव तळमळत असेल, तर वहीने ती तहान भागणार नाही. मग लेख पाठव, आणि ज्याच्यावर लिहिलंयस त्याला आधी वाचून दाखव.

यंदा मी तेच केलं. आईवर पुन्हा लिहायला घेतलंय म्हणून ताईला फोन लावला आणि पहिली दोन पानं वाचून दाखवली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरण्या मोरंब्याच्या होत्या गं, लोणच्याच्या नाही. आणि या वेळी फडताळच ठेवायला सांग."