मेकॅनिकलची सीट 'मिळवून' देणाऱ्यांपासून सावध

इंजिनिअरिंगला कॉम्प्युटरच्या जागांसाठी मारामारी असते हे खरं, पण मेकॅनिकलच्या जागा कितीतरी खासगी कॉलेजांत कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या संपल्यावरही रिकाम्या राहतात. एजंट मात्र पालकांच्या मनात कॉम्प्युटरची भीती भरून मेकॅनिकलची सीट विकतात. आमच्या घरात हेच झालं.

२०२४ साली भाचीची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, झाली. निकाल लागताच दाजींना फोन सुरू झाले. नंबर कुठून मिळाला, देव जाणे. सांगलीतल्या एका 'करिअर कन्सल्टंट'नं पुण्याकडच्या कॉलेजचं नाव काढलं. "काका, कॅपमध्ये पोरगी कुठंतरी लांब फेकली जाईल. मी आत्ताच सीट ब्लॉक करून ठेवतो." ऐंशी हजार रोख घेतले, पावती नाही. वर ताकीद दिली की कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीचा अर्ज, भरू नका, भरलात तर ही सीट जाईल.

ती सीट इन्स्टिट्यूट लेव्हलची, म्हणजे खासगी विनाअनुदानित कॉलेज स्वतः भरतं त्या २० टक्क्यांतली. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीचे कटऑफ कॉलेजवार, प्रवर्गवार असतात. प्रवेश झाल्यावर मी ते उघडले तेव्हा त्याच कॉलेजच्या मेकॅनिकलचा कटऑफ भाचीच्या पर्सेंटाइलच्या बराच खाली दिसला. म्हणजे कॅपमधून ते सहज लागलं असतं.

ऐंशी हजार गेले ते गेलेच, पण खरा फटका पुढे बसला. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. भाची ओबीसी, उत्पन्नही बसतं. पण ही सवलत कॅपमधून आलेल्यांनाच आहे, इन्स्टिट्यूट लेव्हलला आणि मॅनेजमेंट कोट्याला नाही. चारही वर्षांची फी आता ताई-दाजींच्या खिशातून. एजंटला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

कॉलेजचंही ऐका. माहितीपत्रकात चाकणच्या कंपन्यांचे लोगो होते. मुलं तिथे गेली होती, पण एका दिवसाच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला. मेकॅनिकलच्या ज्या मुलांना नोकऱ्या लागल्या त्या बहुतेक आयटीत. 'ए प्लस' म्हणून मिरवलं ते नॅकचं मूल्यांकन, म्हणजे अख्ख्या संस्थेचं. शाखेला मान्यता एनबीए देतं, तीही ठरावीक मुदतीची, आणि या मेकॅनिकलची मुदत संपून गेलेली. एनबीएच्या संकेतस्थळावर शाखेचं नाव आणि मुदत दोन्ही बघा. प्लेसमेंटची यादी मागाल तर शाखेनुसार, पगारासकट मागा. वर्कशॉप बघायला सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर जाऊ नका, लेथवर मुलं काम करताना दिसली पाहिजेत.

प्रवेश रद्द करायला गेलो तर मूळ दाखले देईनात. तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईच्या नियमानं कॉलेजला दाखले अडकवता येत नाहीत, आणि ठरलेल्या तारखेआधी प्रवेश सोडला तर १,००० रुपयांपेक्षा जास्त कापताही येत नाहीत. पण आमची टोलवाटोलवी होत होत ती तारीख उलटली. असं झालं तर पहिल्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

फी किती घ्यायची ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि संकेतस्थळावर टाकतं. त्यापेक्षा जास्त मागितलेला पैसा, म्हणजे कॅपिटेशन फी, बेकायदा. १९८७ चा कॅपिटेशन फीविरोधी कायदा त्यासाठीच आहे. आम्ही तक्रार केली आहे, पण रोख दिल्याचा कागद नाही. एजंट म्हणतो, "कसले पैसे, काका?"