ओव्हन उत्तम, बोर्ड मध्यम : दुरुस्त केलेल्या कंट्रोल बोर्डावर दिवाळी ते पावसाळा

दुरुस्त केलेल्या कंट्रोल बोर्डावर, म्हणजे ओव्हन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर, माझा ओव्हन दिवाळीपासून चालतोय आणि आता पावसाळाही निम्मा सरला. एवढ्या वापरानंतर ठामपणे लिहायला हरकत नाही. ओव्हन उत्तम आहे, त्याचा बोर्ड मध्यम आहे, आणि ‘बोर्ड गेला, नवाच टाका’ हे तपासणीशिवाय कोणाचंही ऐकू नये.

ओव्हन बिल्ट-इन, कन्व्हेक्शनचा (पंख्याने गरम हवा फिरवणारा). मागे पंख्याभोवती गोल एलिमेंट (तापणारी कॉइल), वर ग्रिल, खाली बेकचं एलिमेंट. कोथरूडमध्ये घरूनच नानकटाई, पाव आणि केकच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे आमच्याकडे तो शोभेला नाही. उष्णता चारी बाजूंना सारखी लागते, दाराचं रबर अजून घट्ट आहे, नानकटाईचे दोन ट्रे एकदम लावले तरी रंगात फरक पडत नाही. आतल्या भांड्याबद्दल आणि एलिमेंटबद्दल माझी एकही तक्रार नाही.

बिघाड सुरू झाला तो एका गुरुवारी. पुण्यात देखभालीसाठी वीज जाते ती बहुतेक गुरुवारीच. संध्याकाळी वीज आली तेव्हा डिस्प्ले मंद, आकडे लुकलुकत होते. घड्याळ लावून घेतलं, कन्व्हेक्शन सुरू केलं, दिवा लागला आणि आतून टकटक टकटक आवाज येऊ लागला. रिले, म्हणजे बोर्डावरचा विजेने चालणारा स्विच, पकडायचा आणि सोडायचा. पंखा अर्धवट फिरून थांबायचा, ओव्हन गारच.

इथे एक गोष्ट आधी सांगते, कारण ओळखीच्या दोन-तीन घरांत याच कारणासाठी माणूस बोलावला गेला. वीज जाऊन आली की अनेक बिल्ट-इन ओव्हन घड्याळ लावल्याशिवाय किंवा हाताच्या चिन्हाचं बटण दाबून मॅन्युअलवर घेतल्याशिवाय तापतच नाहीत. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण उष्णता नाही. तो बिघाड नव्हे. आधी घड्याळ लावा, मग पुढचं बघा. माझ्याकडे घड्याळ लावूनही टकटक चालू होती, म्हणून प्रकरण वेगळं होतं.

सर्व्हिसचा माणूस आला, पॅनेल न उघडताच म्हणाला, “मॅडम, बोर्ड गेला. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल.” सांगितलेली रक्कम नव्या ओव्हनच्या निम्म्या किमतीच्या आसपास जात होती. नुसता पॉवरचा भाग मिळेल का विचारलं, तर नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, घरात मीटर आहे. मोजल्याशिवाय एवढे पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलं.

एमसीबी (वीज तोडणारं बटण) पाडून, पिन काढून, थोडा वेळ थांबून पहिल्यांदा तापमानाचा सेन्सर मोजला. माझ्या ओव्हनमध्ये पीटी १००० जातीचा सेन्सर आहे. शून्य अंशाला १००० ओहम, २५ अंशाला साधारण १०९७, १८० अंशाला १६८५ च्या आसपास. आकडा खोलीच्या तापमानाला बरोबर आला, म्हणजे सेन्सर शाबूत. मग एलिमेंट. २००० वॅटच्या एलिमेंटचा रोध २३० व्होल्टच्या हिशेबाने साडेसव्वीस ओहमच्या जवळ यायला हवा, तोही आला. एलिमेंट आणि बॉडीत कुठे विजेची गळती नव्हती. या तीन गोष्टी चोख असल्यावरच बोर्डाकडे बोट दाखवता येतं. सेन्सरचा कनेक्टर ढिला असला तरी बोर्ड एररच दाखवतो, आणि मग बिचाऱ्या बोर्डावर आळ येतो.

बोर्ड काढण्याआधी प्रत्येक वायरचा फोटो घेतला आणि बोर्ड घेऊन तपकीर गल्ली गाठली. बुधवार पेठेतल्या या गल्लीत ट्रान्झिस्टरपासून मोटरच्या कॉइलपर्यंत सगळं मिळतं आणि बोर्ड दुरुस्त करणारी जाणती माणसंही. तिथल्या एका काकांनी पहिला प्रश्न केला, “ताई, सेन्सर बघितलात का?” माणूस कामाचा आहे हे तिथेच कळलं. त्यांनी वीजप्रवेशाजवळचा पिवळा चौकोनी कपॅसिटर सोडवून मीटरला लावला. त्याच्या अंगावर १ मायक्रोफॅरड (क्षमतेचं एकक) लिहिलेलं, मीटरवर ०.४ सुद्धा धड नाही.

टकटक का होत होती, हे एवढ्या एका आकड्यावरून उलगडतं. या बोर्डात ट्रान्सफॉर्मर नाही. २३० व्होल्टची वीज हा एक्स-टू जातीचा (थेट मेनच्या विजेवर लावायचा) कपॅसिटर अडवतो आणि बोर्डाला लागेल तेवढाच करंट आत सोडतो. १ मायक्रोफॅरड असेल तर ५० हर्ट्झवर सुमारे ७२ मिलिअँपिअर मिळतात. २४ व्होल्टच्या एका रिलेची कॉइल १५ ते २० मिलिअँपिअर खाते, आणि कन्व्हेक्शनला दिवा, पंखा, एलिमेंट असे तीन रिले लागतात. कपॅसिटर ०.४ वर उतरला की हातात जेमतेम २९ उरतात. घड्याळ आणि एक रिले कसाबसा भागतो. दुसरा लागताच व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, सुटल्यावर व्होल्टेज चढतं, रिले पुन्हा पकडतो.

आणि कपॅसिटर उतरतो कशामुळे? विजेचा झटका आला, म्हणजे व्होल्टेज क्षणभर उसळलं, की त्याच्या आतल्या पातळ धातूच्या थराचा एक ठिपका जळून जातो. त्यामुळे शॉर्ट होत नाही, हे चांगलंच, पण दर झटक्याला क्षमता थोडी घटते. ओव्हन बंद असला तरी घड्याळ चालू, म्हणजे हा कपॅसिटर चोवीस तास विजेवर. मला हे डिझाइन पटत नाही. एवढ्या महाग ओव्हनमध्ये हा भाग दर्जेदार घालायला कंपनीला किती खर्च आला असता? नवा कपॅसिटर मला दोन वडापावांच्या पैशांत मिळाला. काकांनी सोबत १०५ अंशांपर्यंत टिकणारा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलला आणि रिलेच्या पायांचं ड्राय, म्हणजे सैल पडलेलं, सोल्डर पुन्हा मारून दिलं.

घरी करणाऱ्यांना कळकळीने सांगते. कपॅसिटर एक्स-टूच घ्या, तेवढ्याच व्हॅल्यूचा. साधा पॉलिएस्टर तिथे लावला तर आग लागू शकते. आणि असा बोर्ड विजेवर असताना ‘ही पाच व्होल्टची बाजू आहे’ म्हणून हात लावू नका. ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे ती बाजूही मेनशी थेट जोडलेली असते, शॉक जिवावर बेतू शकतो. सवय नसेल तर बोर्ड काढून जाणकाराकडे द्यावा.

तेव्हापासून डिस्प्ले लख्ख आहे. आत वेगळा थर्मामीटर ठेवून बघते: १८० लावलं की तापमान त्याच्या आसपास खालीवर होत राहतं, सरासरी बरोबर येते. दिवाळीची नानकटाई, नाताळचे केक, उन्हाळ्यातला रोजचा पाव, सगळं याच बोर्डावर झालं. आता ओव्हन वापरात नसला की भिंतीवरचं बटण बंद ठेवते. घड्याळ परत लावावं लागतं, पण कपॅसिटरला विश्रांती मिळते.

पावसाळ्यात मात्र काही दिवस ओव्हन बंद राहिला आणि मग लावला तर आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडला. एलिमेंटच्या आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दमट हवा शोषते, त्याची ही गळती. एलिमेंट सुकवल्यावर थांबलं. बोर्डाचा यात काही संबंध नव्हता.

कंपनीबद्दल माझा राग सर्किटच्या नकाशाबद्दल आहे. तो कोणालाच देत नाहीत, सुटा भागही विकत नाहीत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणंही येतात. तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ग्राहकांनी सुटे भाग मागत राहिलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

हाच ओव्हन पुन्हा घेईन का? घेईन, पण वॉरंटी संपली की लगेच तो कपॅसिटर मोजेन. मागच्या एलिमेंटचा रिले सगळ्यात जास्त राबतो, त्याचे कॉन्टॅक्ट चिकटले तर ओव्हन बंद करूनही तापत राहील, म्हणून गणपतीनंतर ऑर्डरी वाढायच्या आत तो बदलून घेणार आहे. काकांना तसा रिले आणून ठेवायला सांगितलंय.