पिसा की टिम्स? एमएडच्या प्रबंधासाठी कुठला डेटा घ्यावा

मैत्रिणीला वेगवेगळ्या देशांतली शिकवण्याची पद्धत आणि मुलांचं शिकणं यावर प्रबंध करायचाय, पण डेटा कुठला घ्यावा यावर ती अडकलीये. पिसा आणि टिम्स या देशोदेशींच्या शाळकरी मुलांची चाचणी घेणाऱ्या दोन आंतरराष्ट्रीय पाहण्या. दोन्हींचा डेटा फुकट डाउनलोड होतो, त्यामुळे पैशाचा प्रश्नच नाही.

खरा फरक आहे तो सॅम्पलमध्ये. टिम्स चौथी आणि आठवीचे अख्खे वर्ग निवडतं, म्हणून आठवीच्या गणिताच्या शिक्षकाने प्रश्नावलीत काय लिहिलं ते थेट त्याच्याच मुलांच्या मार्कांना जोडता येतं. पिसा १५ वर्षांची मुलं शाळाभरातून उचलतं, मग कोण कुणाकडे शिकतं ते कळतच नाही, शिकवण्याबद्दलची माहिती मुख्यतः मुलांच्याच तोंडून येते. पिसा २०१५ मध्ये जास्त प्रयोग-चौकशी करणाऱ्या मुलांचे विज्ञानाचे मार्क कमी दिसले, लगेच लोक म्हणाले प्रयोग बंद करा! अहो, कदाचित कच्च्या मुलांनाच जास्त प्रयोग दिले जात असतील, एका वेळच्या पाहणीतून कारण कसं काढणार? हे टिम्सलाही लागू आहेच.

विषय म्हणाल तर वाचन पिसातच, टिम्स फक्त गणित-विज्ञान. मेहनत दोन्हीकडे सारखीच, प्लॉझिबल व्हॅल्यूज (एकेका मुलाच्या मार्कांचे अनेक अंदाज) आणि वेट्स (निवडलेलं एक मूल किती मुलांच्या जागी धरायचं तो आकडा) शिकावेच लागतात, सरळ सरासरी काढून चालत नाही.

वर्गात शिक्षक काय करतो हा प्रश्न असेल तर डोळे झाकून टिम्स घ्या. वाचन, घरची परिस्थिती, देशाची धोरणं यावर काम असेल तर पिसा. भारतच हवा असेल तर पिसात २००९ च्या फेरीतले तमिळनाडू आणि हिमाचल एवढेच मिळतील.